गाडीचा विमा रद्द केला, मग पैसे किती परत मिळायला हवेत?

गेल्या वर्षी जून महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या धांदलीत, आमच्या घरी एकाच गाडीचे दोन विमे निघाले.

झालं असं की आमच्या सात वर्षे जुन्या गाडीच्या विम्याची मुदत १० जूनला संपत होती. कपाटातल्या फाईलमध्ये जुनाच कागद दिसला. तारीख उलटून गेलेली. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही हे घरात सगळ्यांनाच माहीत, म्हणून आम्ही घाईघाईने मोबाईलवरून एका कंपनीची वर्षाची पॉलिसी घेतली. तिचं कव्हर १६ जूनपासून सुरू झालं. आठवडाभराने धाकटा भाऊ घरी आला. जेवताना विषय निघाला तसा तो म्हणाला, "वो तो मैं कब का भर दिया, भाईजान!" त्याने ओळखीच्या एजंटकडून दुसऱ्या कंपनीचा विमा आधीच काढला होता, ११ जूनपासूनचा. कागद त्याच्या मोबाईलमध्ये होता. आम्हाला सांगायचं राहून गेलं.

आता एका गाडीला दोन विमे ठेवून उपयोग काय? अपघात झाला तर नुकसानभरपाई काही दुप्पट मिळत नाही. म्हणून नंतरचा विमा रद्द करायचं ठरलं. २४ जूनला आम्ही कंपनीला मेल केला. आमचा समज असा की नऊच दिवस झालेत, थोडे पैसे कापतील आणि बाकीचे देतील. भरले होते १०,७६८ रुपये. परत आले ६,८००. म्हणजे नऊ दिवसांच्या विम्याचे जवळपास चार हजार रुपये! त्याच आठवड्यात लेकीच्या अकरावीच्या प्रवेशाची फी भरायची होती. चार हजार ही आमच्यासारख्या घराला सोडून देण्यासारखी रक्कम नव्हे.

फोन केला तर पलीकडची मुलगी अदबीने म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये एवढेच येतात." सिस्टीम म्हटलं की आपल्याकडे माणूस गप्प बसतो. आम्हीही दोन दिवस गप्प बसलो. मग वाटलं, वर्गात आपण मुलांना शेकडेवारी शिकवतो, आणि स्वतःच्या पैशांचा हिशेब मात्र न मागता सोडतो, हे बरोबर नाही. त्या शोधात जे समजलं ते आपल्या वाचकांच्या कामी यावं म्हणून हा लेख.

नियम काय सांगतो?

भारतातल्या विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था म्हणजे भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, ज्याला सगळे 'इर्डा' म्हणून ओळखतात. या प्राधिकरणाने ११ जून २०२४ रोजी साधारण विम्याबाबत, म्हणजे गाडी, घर, दुकान वगैरेंच्या विम्याबाबत, एक मास्टर परिपत्रक काढलं. त्यातल्या पॉलिसी रद्द करण्याच्या भागात चार गोष्टी स्पष्ट आहेत.

एक, ग्राहक आपली पॉलिसी मुदतीत केव्हाही रद्द करू शकतो आणि त्याला कारण सांगावं लागत नाही.

दोन, कंपनी मात्र मनात आलं म्हणून पॉलिसी रद्द करू शकत नाही. ग्राहकाने फसवणूक केल्याचं सिद्ध झालं तरच ती रद्द करता येते, आणि तेही किमान सात दिवसांची नोटीस देऊन.

तीन, पॉलिसी एक वर्षाची किंवा त्याहून कमी मुदतीची असेल आणि त्या मुदतीत एकही क्लेम घेतलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत करायचा.

चार, पॉलिसी एका वर्षाहून जास्त मुदतीची असेल, तर ज्या वर्षांचं कव्हर अजून सुरूच झालेलं नाही त्या वर्षांचा हप्ता परत करायचा.

तिसऱ्या मुद्द्यातला 'प्रमाणात' हा शब्द आमच्या कामाचा होता. आमची पॉलिसी एक वर्षाची, क्लेम एकही नाही. मग ६,८०० हा आकडा आला कुठून?

जुना तक्ता आणि नवा हिशेब

पूर्वी गाडीच्या विम्यात 'शॉर्ट पीरियड' नावाचा एक तक्ता चालत असे. ग्राहकाने मुदतीआधी विमा रद्द केला तर त्या तक्त्यानुसार कंपनी हप्ता ठेवून घेई. एक महिन्यापर्यंत २० टक्के, दोन महिन्यांपर्यंत ३० टक्के, तीन महिन्यांपर्यंत ४० टक्के, असं दर महिन्याला दहा टक्के चढत जाई. आठ महिन्यांच्या पुढे गेलं की पूर्ण हप्ता कंपनीचा. म्हणजे सहा महिने विमा वापरला तर निम्मा हप्ता जायला हवा, पण तक्त्याने ७० टक्के जात असे.

आमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत, बारीक अक्षरांत, हाच तक्ता छापलेला होता. कंपनीने त्यावरून हिशेब केला होता आणि वर 'प्रक्रिया शुल्क' म्हणून ५०० रुपये कापले होते. जीएसटीचा तर उल्लेखच नव्हता.

आम्ही वहीत दोन हिशेब शेजारी शेजारी मांडले. आमचा मूळ हप्ता ९,१२५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,६४२ रुपये ५० पैसे. एकूण १०,७६७ रुपये ५० पैसे.

कंपनीचा हिशेब असा: ९,१२५ चे २० टक्के म्हणजे १,८२५ कापले, उरले ७,३००. त्यातून ५०० शुल्क वजा, उरले ६,८००. जीएसटी परत नाही.

नियमाप्रमाणे हिशेब असा: ९,१२५ भागिले ३६५, म्हणजे दिवसाला २५ रुपये. १६ ते २४ जून हे दोन्ही दिवस धरून नऊ दिवस, त्याचे २२५ रुपये. उरलेला हप्ता ८,९०० रुपये. त्यावरचा १८ टक्के जीएसटी १,६०२ रुपये. एकूण परत यायला हवेत १०,५०२ रुपये.

फरक ३,७०२ रुपयांचा. हे गणित सातवीतला मुलगाही करू शकतो. पण ते कागदावर मांडलं नाही तोवर आपण "जाऊ द्या, कापले असतील काहीतरी" एवढंच म्हणत राहतो.

जीएसटीबद्दल एक खुलासा. कर हा हप्त्यावर लागतो. हप्त्याचा जो भाग परत होतो, त्यावरचा करही हिशेबात परत यायला हवा. त्यासाठी कंपनी 'क्रेडिट नोट' काढते. ती मागून घ्यावी.

थर्ड पार्टीचं काय?

इथे एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. गाडीच्या विम्याचे मुख्य दोन भाग असतात. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक, त्याला 'ओन डॅमेज' म्हणतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा दुसरा, त्याला 'थर्ड पार्टी' म्हणतात. यातला थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दंड ४,००० रुपये.

दंड एकवेळ भरता येतो. पण विमा नसताना आपल्या गाडीखाली कुणी सापडलं, तर त्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई आपल्या खिशातून जाते. त्यात घर, शेत सगळं पणाला लागू शकतं.

म्हणून कंपन्या थर्ड पार्टीचा भाग रद्द करताना पुरावा मागतात की या गाडीला दुसरीकडे विमा आहे. हा पुरावा मागणं योग्यच आहे, त्यावर चिडू नये. आम्ही भावाने काढलेल्या पॉलिसीची प्रत जोडली. दोन विम्यांच्या बाबतीत जुन्या मोटार टॅरिफमध्येही रीत हीच होती की ज्याचं कव्हर नंतर सुरू झालं तो रद्द करायचा, आणि दोन वेगळ्या कंपन्या असतील तर दिवसांच्या प्रमाणात पैसे परत द्यायचे. म्हणजे ज्या तक्त्याचा आधार कंपनी घेत होती, त्याच्या काळातही दुहेरी विम्याला २० टक्क्यांची कात्री नव्हती!

कंपनी बदलायची म्हणून विमा रद्द करणाऱ्यांनी क्रम लक्षात ठेवावा: आधी नवा विमा, मग जुना रद्द. एक दिवसाचीही फट ठेवू नये. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही कळवावं, कारण पॉलिसीवर बँकेचं नाव असतं.

काही गैरसमज

"पंधरा दिवसांत परत केली तर सगळे पैसे मिळतात," असं आम्हाला स्टाफरूममध्ये तिघांनी सांगितलं. ते ज्याबद्दल बोलत होते तो 'फ्री लूक' काळ. ही सोय जीवन विमा आणि आरोग्य विम्यासाठी आहे, आणि आता तो काळ ३० दिवसांचा आहे. गाडीच्या विम्याला ती लागू नाही. त्यामुळे कंपनीशी बोलताना फ्री लूकचा हट्ट धरू नका. त्याने आपली बाजू कमजोर होते.

दुसरा गैरसमज शोरूमचा. आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी नवी गाडी घेतली. शोरूमवाल्याने सांगितलं, विमा इथूनच घ्यावा लागेल, नाहीतर गाडीची चावी मिळणार नाही. असं बंधन नाही. ग्राहक कोणत्याही कंपनीचा विमा घेऊ शकतो. शोरूमने विमा विकण्याबाबत प्राधिकरणाने २०१७ सालीच मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी दोन-तीन ठिकाणचे भाव विचारा. नंतर रद्द करत बसण्यापेक्षा ते सोपं.

मॅडमची अडचण आणखी एक होती. नव्या खासगी गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, १ सप्टेंबर २०१८ पासून. ओन डॅमेज बहुधा एक वर्षाचा असतो. अशा एकत्र पॉलिसीत वरचा चौथा मुद्दा लागू होतो: जी वर्षं सुरू झाली नाहीत त्यांचा हप्ता परत. चालू वर्षाच्या बाबतीत आपल्या पॉलिसीतलं कलम नीट वाचून कंपनीला आधी लेखी विचारावं, किती परत मिळेल ते. उत्तर आल्यावरच निर्णय घ्यावा.

तिसरी गोष्ट, रद्द करणं हाच प्रत्येक वेळी उपाय नसतो. नावात चूक आहे, इंजिन नंबर चुकलाय, बँकेचं नाव राहिलं, जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस धरलेला नाही, या गोष्टी त्याच पॉलिसीत दुरुस्त होतात. त्याला 'एन्डॉर्समेंट' म्हणतात. नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं. जुनी गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो लावता येतो. ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.

पत्रात काय लिहावं?

फोनवरचं बोलणं हवेत विरतं. जे काही करायचं ते लेखी करा, मेलवर किंवा पोचपावती घेऊन. आम्ही रद्द करण्याचा मेल असा लिहिला होता:

"माझ्या अमुक नंबरच्या गाडीची अमुक क्रमांकाची पॉलिसी आजच्या तारखेपासून रद्द करावी. या पॉलिसीवर मी कोणताही क्लेम घेतलेला नाही. गाडीला दुसऱ्या कंपनीचा वैध विमा आहे, त्याची प्रत जोडली आहे. परताव्याची रक्कम माझ्या सोबत दिलेल्या खात्यात जमा करावी आणि हिशेबाचा तपशील लेखी द्यावा."

पैसे कमी आल्यावर दुसरा मेल गेला, तो कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. या अधिकाऱ्याचा पत्ता पॉलिसीच्या कागदांमध्ये आणि कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. त्यात आम्ही आमचा हिशेब मांडला, ११ जून २०२४ च्या परिपत्रकाचा उल्लेख केला, आणि तीन साधे प्रश्न विचारले. २० टक्के कोणत्या चालू नियमानुसार कापले? ५०० रुपयांचं शुल्क कोणत्या कलमाखाली? परत केलेल्या हप्त्यावरचा जीएसटी कुठे आहे? रागाचा एकही शब्द लिहिला नाही. रागाला उत्तर देणं सोपं असतं, आकड्याला अवघड.

एजंटमार्फत विमा घेतला असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्त्याचा परतावा कंपनीने थेट विमाधारकालाच द्यायचा असतो. एजंटच्या खात्यात तो जमा करता येत नाही. "माझ्याकडे येतील, मग देतो" असं कुणी म्हणालं, मग तो चाचाचा मुलगा का असेना, तर नम्रपणे नाही म्हणा.

कंपनीने ऐकलं नाही तर?

दारं क्रमाने ठोठवावीत.

पहिलं दार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं. त्यांनी १४ दिवसांत उत्तर द्यायला हवं.

दुसरं दार प्राधिकरणाचं 'बीमा भरोसा' हे पोर्टल. तिथे ऑनलाईन तक्रार नोंदवता येते. फोन करायचा तर १५५२५५ किंवा १८०० ४२५४ ७३२ हे टोल फ्री क्रमांक आहेत. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

तिसरं दार विमा लोकपालांचं. कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मागण्या ते ऐकतात. आपल्या राज्यात मुंबई आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत, आणि तक्रार ऑनलाईनही करता येते. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

चौथं दार जिल्हा ग्राहक आयोगाचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र एकच तक्रार ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ती घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल, मग गरज पडली तर आयोग, हा क्रम बरा.

आमचं काय झालं?

आम्हाला तिसऱ्या दारापर्यंत जावं लागलं नाही. बाराव्या दिवशी तक्रार अधिकाऱ्यांचा मेल आला. हिशेब पुन्हा तपासला, २,१०० रुपये जमा करत आहोत. म्हणजे हप्त्यातला फरक १,६०० आणि ते ५०० शुल्क, दोन्ही मिळाले. जीएसटीबद्दल मात्र परत मौन. मग तोच तिसरा प्रश्न घेऊन आणखी एक मेल, आणि बीमा भरोसावर तक्रार. त्यानंतर तीन आठवड्यांनी क्रेडिट नोटसह १,६०२ रुपयेही आले. एकूण १०,५०२, वहीतल्या आकड्याइतके. एवढ्या काळात लेकीची फी उसनवारीवर भरली होती, ती फेडली.

आमच्या मोहल्ल्यात अनेक घरांची रोजी गाडीवर आहे. कुणाची रिक्षा, कुणाचा टेम्पो, कुणाची भाड्याची कार. कागद एजंटच्या हातात आणि हिशेब त्याच्या तोंडी, अशीच बहुतेकांची रीत. अम्मी आम्हाला म्हणाल्या, "एवढ्यासाठी कशाला भांडायचं?" आम्ही त्यांना वही दाखवली. हिशेब विचारणं म्हणजे भांडण नव्हे. दुकानदार सुट्टे पैसे कमी देतो तेव्हा आपण विचारतोच ना?

एक काम मात्र आजच करा. घरातल्या प्रत्येक गाडीच्या विम्याची मुदत एका कागदावर लिहा आणि तो कागद फ्रीजवर चिकटवा. मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला तर विमा कधीपर्यंत आहे तेही दिसतं. आमच्या फ्रीजवर आता असा कागद आहे. धाकट्या भावानेच तो लावलाय, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय: भरण्याआधी विचारा.